मुंबईंतील दोन मोटारी : बुगाटी आणि फेरारी

जुन्या शर्यती मोटारींचा संग्रह करणारा रसिक एखादी गाडी पुढें आली म्हणजे दोन प्रश्न विचारतो. ही कोणत्या कारखान्यांत घडली, हा पहिला. आणि हिचें चाक कोणाच्या हातीं होतें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर लोखंडांत कोरलेलें असतें. दुसऱ्याचें उत्तर लोकांच्या आठवणींत राहतें, आणि पुष्कळदां तेंच गाडीचें मोल ठरवितें. या दोन्ही प्रश्नांना ठसठशीत उत्तरें देणाऱ्या युरोपीय मोटारी मुंबई शहराच्या इतिहासांत शोधूं गेल्यास दोन गाड्या चटकन डोळ्यांपुढें येतात. एक, १९३० च्या सुमारास जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या तरुण गृहस्थांजवळ असलेली बुगाटी. आणि दुसरी, २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांना नजर झालेली फेरारी. दोहोंमध्यें सत्तर वर्षांहून अधिक अंतर आहे. एक हौसेनें बाळगलेली, दुसरी सन्मान म्हणून चालून आलेली. ज्या रस्त्यांसाठीं या गाड्या घडल्या ते रस्ते या देशांत नव्हते, आणि दोघींच्याहि पायीं कायद्याचीं पुस्तकें उघडावीं लागलीं. हा योगायोग गमतीचा खरा; पण त्याच्या पोटांत आपल्याकडील वेगाचा, रस्त्यांचा आणि जकातीचा बराच इतिहास दडलेला आहे.

एत्तोरे बुगाटी हा जन्मानें इटालियन. १८८१ सालीं तो मिलान शहरीं जन्मला. घराणें कलावंतांचें, बाप कार्लो हा लाकडी सामानाचा नामांकित कारागीर आणि धाकटा भाऊ रेंब्रांट प्राण्यांच्या पुतळ्यांसाठीं प्रसिद्ध. एत्तोरेनें १९०९ सालीं आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम या गांवीं आपला कारखाना काढला तेव्हां तो प्रांत जर्मन साम्राज्यांत मोडत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला, आणि इटालियन माणसाच्या हातून जर्मन भूमीवर जन्मलेली ही गाडी फ्रान्सच्या निळ्या रंगांत शर्यतींत उतरूं लागली.

या कारखान्याची सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे ३५ क्रमांकाची. १९२४ च्या ऑगस्टांत लियों येथील ग्रांप्री शर्यतींत ती प्रथम धावली आणि टायरांनीं दगा दिल्यामुळें फजीत पावली. पण पुढें सिसिली बेटावरील टार्गा फ्लोरिओ नांवाची अवघड डोंगरी शर्यत १९२५ पासून १९२९ पर्यंत ओळीनें पांच वर्षें बुगाटीनेंच जिंकली, आणि १९२९ च्या एप्रिलमध्यें मोनाको येथें भरलेल्या पहिल्या ग्रांप्रीचा मानहि तिलाच मिळाला. हिच्या यंत्रांत आठ सिलिंडर एका ओळींत उभे असत; त्यांची एकूण क्षमता दोन लिटरांच्या आंतबाहेर, प्रत्येक सिलिंडराला तीन झडपा, आणि शक्ति सुमारें नव्वद घोड्यांची. वजन मात्र अवघें साडेसातशें किलोंच्या घरांत. चाकें ॲल्युमिनियमच्या रसाचीं ओतलेलीं, आठ रुंद आऱ्यांचीं. ब्रेकचा ढोल त्या चाकांतच ओतून काढलेला, त्यामुळें चाक उतरविलें कीं ब्रेक उघडा पडे. पुढचा आंस हलका व्हावा म्हणून तो आंतून पोकळ ठेवलेला. घोड्याच्या नालाच्या आकाराचें तिचें रेडिएटर ज्यानें एकदां पाहिलें तो तें विसरत नाहीं. शर्यतीचें यंत्र देखणें असलेंच पाहिजे असें कोणी म्हटलें नव्हतें, परंतु एत्तोरेच्या घरांत कुरूप वस्तूला थाराच नव्हता.

अर्थात् या देखणेपणाचा जाच हाकणाराला सोसावा लागे. ब्रेक तारांनीं ओढले जात, त्यांत तेलाच्या दाबाची मदत नसे. पायाच्या जोरावर जेवढें साधेल तेवढें. गिअर बदलतांना यंत्राची गति कानानें ओळखून हात चालवावा लागे. चुकला तर दांतांची खरखर साऱ्या आळीला ऐकूं जाई. वारा, धूळ आणि तेलाचा वास यांपासून आडोसा म्हणून नाहीं. या गाडीचें आणखी एक वैशिष्ट्य असें कीं कारखान्याच्या शर्यतपटूंना जी गाडी मिळे, तीच पैसे मोजणाऱ्या कोणाहि हौशी गृहस्थाला विकत घेतां येई. ती घरून हाकत शर्यतीच्या ठिकाणीं न्यावी, शर्यत खेळावी आणि हाकतच परत आणावी, असा त्या वेळचा रिवाज होता.

अशा कारखान्याची एक मोटार मुंबईंत ज्यांच्याकडे होती ते जे. आर. डी. टाटा १९०४ सालीं पॅरिस येथें जन्मले. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो येथें त्यांचें बालपणाचें कांहीं वास्तव्य झालें. १९०९ सालीं इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारा लुई ब्लेरिओ तेथला शेजारी. फ्रेंच सैन्यांत वर्षभर चाकरी करून हा तरुण १९२५ च्या अखेरीस मुंबईंत टाटांच्या कचेरींत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाला. मोल्सहाइमच्या गाडीप्रमाणेंच त्याचेंहि राष्ट्रीयत्व एका शब्दांत सांगण्याजोगें नव्हतें. फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग त्यांनीं १९२९ सालीं केला.

त्यांच्या बुगाटीला मडगार्ड नव्हते आणि टपहि नव्हता. मुंबईच्या पावसाळ्यांत अशा गाडींतून जाणें म्हणजे स्वतः न्हाणें आणि दुसऱ्याला चिखलानें न्हाऊं घालणें. ही गाडी बेफाम हाकल्याच्या आरोपावरून पोलिसांचें लचांड मागें लागलें, तेव्हां टाटा त्या काळचे प्रसिद्ध फौजदारी वकील जॅक विकाजी यांच्याकडे सल्ल्यासाठीं गेले. तेथें वकीलसाहेबांची पुतणी थेल्मा हिची ओळख झाली आणि १९३० च्या डिसेंबरांत दोघांचा विवाह झाला. दंडापायीं वकिलाकडे गेलेला माणूस वधू घेऊन परतला असें उदाहरण मुंबईच्या कोर्टकचेऱ्यांच्या इतिहासांत विरळाच असेल.

परंतु त्या वेळीं वेगवान मोटार बाळगून जावें कोठें? शहरांत ट्रामी, व्हिक्टोरिया आणि हातगाड्या. बाहेर पडावें तर पुण्याची वाट. आणि त्या वाटेवरचा बोरघाट म्हणजे सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं खुला केलेला, घोडागाड्यांच्या चालीसाठीं आंखलेला रस्ता. देशांतील रस्त्यांची दैना एवढी होती कीं १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारला त्यासाठीं खास समिति नेमावी लागली. तिचे अध्यक्ष मुंबईचे सुप्रसिद्ध बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढें १९४८ सालीं पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच हे. रस्ते बांधणें हें प्रांतांच्या व जिल्हा बोर्डांच्या ऐपतीबाहेर गेलें आहे, आणि मोटारी रस्ते झिजवितात तर त्यांच्या पेट्रोलावरच रस्त्यांचा खर्च बसवावा, असा समितीचा रोख होता. १९२९ च्या मार्चपासून गॅलनमागें दोन आण्यांचा जादा कर घेऊन केंद्रीय रस्तेनिधि सुरू झाला. म्हणजे बुगाटीसारखी गाडी पळवणारा हौशी आपल्या प्रत्येक फेरीगणिक मागच्या बैलगाडीवाल्याच्या वाटेला हातभार लावूं लागला. ही व्यवस्था बसवणाऱ्या जयकरांचें नांव मोटारींच्या इतिहासांत जितकें घेतलें जावें तितकें घेतलें जात नाहीं.

त्याच वर्षीं, १० फेब्रुवारी १९२९ रोजीं, टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक. आकाशांत खड्डे नाहींत आणि बैलगाड्याहि नाहींत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ जातीचें एक इंजिनाचें छोटें विमान त्यांनीं स्वतः अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरविलें, आणि देशांतील नियमित हवाई टपालाचा पाया घातला गेला. बुगाटीच्या आसनावर कमावलेलें कानाचें आणि हाताचें कसब त्या विमानांत फुकट गेलें नसेल असें मानण्यास हरकत नाहीं. मोटारीचा शौक पुष्कळ धनिकांना होता. त्या शौकाचें सार्वजनिक उपयोगांत रूपांतर झालें तें मात्र थोड्यांच्याच बाबतींत.

याच्या उलट चित्र पाहावयाचें तर नगरच्या पुढें बीडच्या वाटेला लागावें. इंग्रजी मुलुख तेथें संपे आणि हैदराबादच्या निजामाचें राज्य सुरू होई. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या राज्यांत होता. संस्थानच्या हद्दींत येणाऱ्या मालावर संस्थानचें स्वतंत्र जकातखातें कर घेई. त्याला करोडगिरी म्हणत. मुंबईच्या बंदरांत एकदां जकात भरून आलेली विलायती वस्तु येथें पुन्हां दाराशीं अडे. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या त्या मातीच्या वाटांवर जमिनीला लागून चालणाऱ्या शर्यती मोटारीचा निभाव लागणें कठीणच होतें. आणि ज्या राज्याची प्रजा बीडकर होते, त्या राज्याच्या धन्याची मोटार कशी होती? सहाव्या निजामासाठीं तयार झालेली १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला वाड्यांत पाहावयास मिळते. तिच्या आंत सिंहासनासारखें आसन आहे. तिला सिंहासनाचीच गाडी म्हणतात. मिरवावयाची वस्तु म्हणून ती केली होती आणि तशीच ती राहिली. सामान्य प्रजेला मोटारीचा लाभ झाला तो १९३२ नंतर, संस्थानच्या रेल्वेखात्यानें सत्तावीस बसगाड्यांनिशीं उतारूंची वाहतूक सुरू केली तेव्हांपासून. करोडगिरी पुढें उठली. परदेशी मोटारीवरची जकात मात्र उठली नाहीं; उलट स्वतंत्र भारतांत ती इतकी चढली कीं गाडीच्या किंमतीहून कर अधिक व्हावा. दुसऱ्या गाडीची कथा याच वळणावर सुरू होते.

एन्झो फेरारी हा मोदेना गांवचा. जन्म १८९८ चा, म्हणजे बुगाटीहून सतरा वर्षांनीं लहान. १९२९ च्या नोव्हेंबरांत त्यानें मोदेना येथें शर्यतीचें पथक उभारलें; पण त्यांतील गाड्या त्याच्या नव्हत्या, आल्फा रोमिओ कंपनीच्या होत्या. त्याच्या स्वतःच्या नांवाची पहिली गाडी मारानेल्लोच्या कारखान्यांतून १९४७ सालीं बाहेर पडली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत एत्तोरे बुगाटी वारला. त्याचा कर्तबगार मुलगा जाँ १९३९ सालींच एका गाडीची चाचणी घेतांना अपघातांत दगावला होता. त्यामुळें बापामागें कारखान्याला कोणी वाली उरला नाहीं. फेरारीच्या गाडीवर जो उधळलेला काळा घोडा दिसतो तो मूळचा मोटारीचा नव्हे, विमानाचा. पहिल्या महायुद्धांत पडलेला इटालियन वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावर तो रंगविलेला असे, आणि वैमानिकाच्या आईनें तो आपल्याला वापरावयास सांगितला, असें फेरारी सांगत असे.

दोन्ही कारखान्यांच्या धंद्यांतला भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. बुगाटी शर्यतीची गाडीच गिऱ्हाइकाला विकत असे. फेरारी रस्त्यावरच्या गाड्या विकूं लागला तो शर्यतींचा खर्च भागावा म्हणून. पुढें तेवढ्यानेंहि भागेना, तेव्हां १९६९ सालीं अर्धी मालकी फियाट कंपनीकडे गेली.

तेंडुलकर यांची गाडी ३६० मोदेना जातीची. ही जात १९९९ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. सिलिंडर हिलाहि आठच, पण ते इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणें दोन ओळींत तिरके बसविलेले, आणि यंत्र आसनांच्या मागें, कांचेच्या झांकणाखालीं, दुकानांतील दागिन्यासारखें मांडून ठेवलेलें. क्षमता ३५८६ घनसेंटिमीटर, प्रत्येक सिलिंडराला पांच झडपा, शक्ति चारशें घोड्यांची, आणि ती मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर. बुगाटीचीं चाकें ॲल्युमिनियमचीं होतीं. हिचा सारा सांगाडाच ॲल्युमिनियमचा. बुगाटीच्या यंत्रांतून लिटरामागें पंचेचाळीसेक घोडे निघत, हिच्यांतून एकशें दहांच्या वर. बुगाटीच्या एका घोड्याला आठ किलोंचा भार ओढावा लागे, फेरारीच्या घोड्याला तीनसव्वातीन किलोंचा. बुगाटी ताशी पावणेदोनशें किलोमीटरांपर्यंत जाई; ही तीनशेंच्या जवळ पोंचते.

यंत्र म्हणून फेरारी सर्वच बाबतींत सरस आहे, आणि पाऊण शतकानंतर ती तशी नसती तरच नवल. मात्र जी कामें बुगाटींत माणसाचे हात, पाय आणि कान करीत, तीं येथें बरीचशीं यंत्रानें स्वतःकडे घेतलीं आहेत. गिअर बदलण्यासाठीं, हवी असल्यास, चाकामागील पट्टी बोटानें ओढली कीं पुरे. बुगाटी बिघडली तर हुशार लोहार आणि कांतारी यांच्या जोरावर ती पुन्हां उभी राहूं शकते. फेरारीच्या पोटांतील संगणकापुढें लोहार काय करणार? शंभर वर्षांनीं या दोहोंपैकीं कोणती स्वतःच्या बळावर चालूं शकेल याचें भाकीत करावयाचें तर तें जुन्या गाडीच्या बाजूनें करावें लागेल.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे. तेंडुलकर यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवि. सचिन वाढले ते वांद्र्याच्या साहित्य सहवासांत. अशा घरांतील मुलाची पहिली मोटार मारुती ८०० असावी हें साहजिकच होतें. एप्रिल २००२ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें त्यांनीं आपलें एकोणतिसावें कसोटी शतक झळकावलें आणि सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्या निमित्तानें फियाट कंपनीनें त्यांना ही फेरारी देऊं केली, आणि त्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें सिल्व्हरस्टोन येथें शर्यतपटु मायकेल शूमाकर यांच्या हस्तें ती त्यांना नजर करण्यांत आली. मुंबईकरांना फियाट हें नांव अगदीं घरगुती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट काळीपिवळी टॅक्सी होऊन रस्तोरस्तीं फिरत होती. तिनें २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. त्या टॅक्सीच्या गोतावळ्यांतली ही तांबडी राजकन्या शहरांत येणार म्हटल्यावर कौतुकाला उधाण आलें.

तें कौतुक जकातघराच्या दाराशीं थबकलें. परदेशी मोटारीवर त्या वेळीं १२० टक्के जकात होती आणि या गाडीवर ती एक कोटि तेरा लाख रुपये होत होती. खेळाडूनें परदेशीं स्पर्धेंत जिंकलेल्या बक्षिसाला माफी देण्याचा नियम होता. पण ही गाडी बक्षीस नसून भेट होती, आणि नियमांत भेटीचा उल्लेख नव्हता. २००३ सालीं सरकारनें माफी देऊं केली, तेव्हां वृत्तपत्रांतून वादळ उठलें. कोट्यवधि रुपये मिळविणाऱ्या खेळाडूला माफी, आणि शाळामास्तराच्या पगारांतून मात्र कर कापून घ्यावयाचा, हा कोठला न्याय, असा प्रश्न त्यांचे चाहतेहि विचारूं लागले. दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जनहितार्थ अर्ज दाखल झाला. अखेरीस फियाट कंपनीनेंच जकात भरली आणि प्रकरण मिटलें. ज्या देशांत क्रिकेटपटूला देव्हाऱ्यांत बसवितात, त्याच देशांत त्याच्या गाडीचा हिशेब मागण्यास लोक कचरले नाहींत, ही गोष्ट गाडीच्या अश्वशक्तीहून अधिक नोंदण्यासारखी आहे. निजामाच्या पिवळ्या मोटारीचा हिशेब मागण्याची सोय बीडच्या रयतेला नव्हती.

ज्या एप्रिलांत तें शतक झालें त्याच एप्रिलांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग संपूर्ण खुला झाला. सुमारें पंचाण्णव किलोमीटरांचा, सहापदरी. माल्कमसाहेबांच्या घाटरस्त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं झालेला. आजहि तेथें मोटारीला ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा आहे आणि घाटांत ती आणखी कमी. म्हणजे फेरारीच्या अंगांतला दोनतृतीयांश वेग तिच्या अंगांतच राहावयाचा. एरवीं शहरांत तिला बाहेर काढावयाचें तें पहाटे, रस्ते मोकळे असतां. खड्डे, गतिरोधक आणि चाहत्यांची गर्दी, तिघांशींहि तिचें वैर.

संग्राहकांच्या दृष्टीनें पाहतां दोन्ही गाड्यांचें मोल निरनिराळ्या ठिकाणीं आहे. ३५ क्रमांकाच्या बुगाटी, सारे उपप्रकार धरूनहि, कांहीं शेंच झाल्या. तिचा मालक कोण होता हें न सांगतांहि ती जगाच्या कोणत्याहि लिलावांत मान उंच करून उभी राहील. ३६० मोदेना हजारोंनीं बनल्या. त्यांतली हीच एक निराळी, कारण तिच्यावर तेंडुलकर यांचें नांव आहे. एकीची प्रतिष्ठा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी, दुसरीची दुसऱ्या. भारत सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षें पुरीं झालेली व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार त्यांत ‘व्हिंटेज’ म्हणून गणली जाते आणि तिच्या पाटीवर व्ही व ए हीं अक्षरें येतात, मात्र ती रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं. त्या मापानें बुगाटी केव्हांच वयांत आली. फेरारीला अजून बरींच वर्षें वाट पाहावी लागेल.

२०११ सालीं तेंडुलकर यांनीं ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली. दुसऱ्याच वर्षीं ‘फेरारी की सवारी’ हा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक राजेश मापुस्कर. त्यांत मुलाच्या क्रिकेटच्या हौसेपायीं तेंडुलकर यांची फेरारी घेऊन जाणारा जो नायक आहे तो मुंबईंतील एक पारशी कारकून, आणि नोकरीहि मोटारनोंदणीच्या कचेरींत. हा सज्जन इतका नेमस्त कीं चित्रपटाच्या आरंभींच चुकून तांबडा दिवा ओलांडला म्हणून तो स्वतः पोलिसाला शोधून काढतो आणि आपल्याला दंड करावा असा आग्रह धरून बसतो.